रेघ पाण्यातून वर आली

भारतीय सर्वेक्षण विभागाचा सह्याद्रीतला कुठलाही स्थलनिर्देशक नकाशा उघडा. निळी नदी, लाल रस्ता, काळी रेल्वे, हिरवं रान, पिवळी शेतं. हे सगळं जागेवर जाऊन बोट ठेवून दाखवता येतं. पण कागदाचा मोठा भाग ज्या तपकिरी रेघांनी भरलेला असतो, त्या जागेवर गेल्यावर कुठेच सापडत नाहीत. त्या समोच्च रेषा. समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असलेली ठिकाणं जोडत जाणारी एक रेघ, तिच्या वीस मीटर वर दुसरी, आणखी वीस मीटर वर तिसरी. दर पाचवी रेघ जाड, म्हणजे शंभर मीटर मोजायला सोपं. रेघा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की पठार. शाळेत भूगोलाच्या तासाला हे आपण शिकतो, दोन गुणांचा प्रश्न सोडवतो आणि पुढे जातो. पण डोंगर दाखवण्यासाठीच जन्मली असावी असं वाटणाऱ्या या रेघेचा पूर्वज डोंगरावर नव्हे, पाण्याखाली सापडतो.

हॉलंडमध्ये हारलेम शहराजवळून स्पार्न नावाची नदी वाहते. १५८४ साली पीटर ब्राउन्स या मोजणीदाराने तिचा नकाशा काढला आणि त्यात सारख्या खोलीची ठिकाणं रेघेने जोडली. आज माहीत असलेल्या अशा रेघांमध्ये ही सर्वात जुन्यांपैकी एक. गरज साधी होती. माल भरलेला पडाव नदीत शिरला तर त्याचा तळ कुठे टेकेल, हे नावाड्याला आधी कळायला हवं. शिसं बांधलेली दोरी सोडायची, तळ लागला की खोली मोजायची, नकाशावर आकडा टाकायचा. आकड्यांची गर्दी झाली की डोळा गोंधळतो. रेघ ओढली की ‘हिच्या अलीकडे येऊ नका’ एवढं एका नजरेत कळतं. शतकभराने, १६९७ मध्ये, रॉटरडॅमच्या नदीवर हेच झालं. १७३० च्या सुमारास निकोलास क्रुकिअस या डच अभियंत्याने मेर्वेदे नदीच्या तळावर एकामागून एक अशा रेघा मांडल्या. आपल्याकडे कोळी अजूनही खोली वावात सांगतात. युरोपातही माप तेच होतं, दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर.

पाण्याखालचं आधी आणि डोळ्यांसमोरचा डोंगर नंतर, असं उलटं का झालं? एक तर पाण्याखालचं दिसत नाही. दिसत नाही म्हणून चित्र काढायचा मोहच होत नाही. हाती असतात फक्त आकडे, आणि आकड्यांतून रेघ निघते. डोंगर दिसतो, म्हणून माणूस त्याचं चित्र काढत बसला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पाण्यात मोजायचं कुठून हा प्रश्नच नसतो, पृष्ठभाग समोर सपाट पसरलेला असतो. जमिनीवर उंची कशाच्या तुलनेत मोजायची? पायथ्यापासून म्हटलं तर प्रत्येक डोंगराचा पायथा वेगळा.

तोवर जगभर डोंगर बाजूने पाहून काढले जात. मोडीतल्या जुन्या मराठी नकाशांतही नद्या आणि वाटा वरून पाहिल्यासारख्या, तर डोंगर आणि किल्ले समोर उभं राहून पाहिल्यासारखे असतात. या पद्धतीला मी अडाणी म्हणणार नाही. वाटसरूला डोंगर बाजूनेच दिसतो, आणि हा राजगड की तोरणा हे त्याला आकारावरूनच ओळखायचं असतं. फक्त त्या चित्रातून एक गोष्ट कधीच कळत नाही: पलीकडच्या अंगाने चढता येईल का.

रेघेला वेगळं वळण दिलं ते एडमंड हॅलीने, धूमकेतूवाल्याच. ‘पॅरामोर’ नावाच्या छोट्या जहाजातून त्याने अटलांटिक पालथा घातला आणि १७०१ मध्ये एक नकाशा छापला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, ते ढळणं जिथे सारखं असेल अशी ठिकाणं त्याने वक्र रेघांनी जोडली. आता रेघ खोलीचीही राहिली नाही. जे मोजता येतं आणि जागोजाग बदलतं, त्या कशाचीही होऊ शकते हे त्याने दाखवून दिलं. भूगोलाच्या पुस्तकातलं सममूल्य रेषांचं सगळं खानदान याच घरातलं. १८१७ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने सारख्या तापमानाच्या रेघा काढल्या, मग सारख्या हवेच्या दाबाच्या, सारख्या पावसाच्या. पुण्यात शिवाजीनगरला ज्याला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, ते हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून खाली आलं. तिथून निघणाऱ्या नकाशांवर बंगालच्या उपसागरात समभार रेषांची गोल गोल वेटोळी दिसू लागली की कमी दाबाचं क्षेत्र ओळखायचं. ती वेटोळी म्हणजे हवेत पडलेला खड्डाच, आणि तो वाचायची रीत खोलीच्या नकाशासारखीच.

याच्या अगदी विरुद्ध कुळातला नकाशा १८२६ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल द्यूपँने काढला. त्याने एकेक प्रशासकीय विभाग घेऊन तिथल्या शिक्षणाच्या प्रमाणानुसार तो फिका किंवा गडद केला. त्याला आपण क्षेत्रघनी नकाशा म्हणतो. साक्षरता, मतदान, लोकसंख्येची घनता, सगळं आज याच पद्धतीने दाखवतात, कारण आकडे जिल्हावारच येतात. पण पाऊस जिल्हा ओळखत नाही. सातारा जिल्हा एका रंगात रंगवा आणि काय होतं बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. दोघांची सरासरी काढून भरलेला रंग ना महाबळेश्वरचा, ना माणचा. समपर्जन्य रेषांच्या नकाशात घाटमाथ्यावर रेघा एकमेकींना चिकटतात आणि पर्जन्यछाया कुठे सुरू होते ते दिसतं. टँकर कुठे लागणार हे या नकाशावरून आधी कळतं.

पुन्हा डोंगराकडे येऊ. फिलिप ब्युआश या फ्रेंच भूगोलकाराने इंग्लिश खाडीचा तळ दहा-दहा वावांच्या रेघांनी दाखवला; नकाशा १७३७ चा, छापला १७५२ मध्ये. पर्वतरांगा समुद्राखालूनही सलग जातात असं त्याला सिद्ध करायचं होतं. या कल्पनेत पुढे बरंच खोटं निघालं, पण पाण्याखाली रांग असते असं म्हटल्यावर पाण्यावरच्या रांगेलाही तीच मोजपट्टी लावावी, हे ओघानेच आलं. १७७१ मध्ये जिनिव्हाच्या द्यूकार्लाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ते मांडलं. त्याची युक्ती अशी: समुद्र टप्प्याटप्प्याने वर चढतो आहे असं समजा. प्रत्येक टप्प्यावर पाण्याची कड जमिनीवर जिथे थांबेल, ती रेघ काढा. समोच्च रेषेची याहून सरळ व्याख्या आजतागायत कुणाला सुचलेली नाही. १७९१ मध्ये द्यूपँ-त्रिएलने संपूर्ण फ्रान्सचा असा नकाशा काढला. उंच्या फार थोड्या ठिकाणच्या माहीत होत्या, त्यामुळे तो बराचसा अंदाजाचाच.

इंग्रजी पुस्तकांत मात्र ही रेघ चार्ल्स हटनच्या नावावर चढवलेली दिसते. गोष्ट रंजक आहे, श्रेय तेवढं खरं नाही. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्कलिनला स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन या डोंगराच्या मदतीने पृथ्वी तोलायची होती. डोंगराच्या दोन बाजूंना ओळंबा धरला तर डोंगर तो किंचित स्वतःकडे खेचतो. किती खेचतो हे ताऱ्यांवरून मोजायचं. पण हिशेबासाठी डोंगराचं आकारमान हवं. त्यासाठी घेतलेल्या असंख्य उंच्यांचा ढीग गणिती हटनसमोर आला. त्याने सारख्या उंचीचे आकडे फिक्या रेघेने जोडले आणि गोंधळलेल्या कागदातून डोंगर वर आला. १७७८ मध्ये त्याने उत्तर दिलं: पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेचार पट. आजचा आकडा साडेपाच. एका टेकाडाच्या आणि काही रेघांच्या जोरावर हे फार वाईट नाही. शिहॅलियनवर मोजणी करणारा रूबेन बरो पुढे हिंदुस्थानात आला, बंगालमध्ये रमला, भारतीय गणितावर लिहिता झाला आणि १७९२ मध्ये बक्सरला वारला.

एवढं होऊनही रेघ हरली. पुढची पन्नाससाठ वर्षं सेनापतींना ती नकोच होती. सॅक्सनीचा लष्करी अधिकारी योहान गेऑर्ग लेहमानने १७९९ मध्ये उताराच्या दिशेने तुटक रेघोट्या मारायची पद्धत नियमात बसवली: उतार जितका उभा, तितकी रेघोटी जाड. डोंगर लगेच डोळ्यांत भरतो, घोडदळाच्या सरदारालाही कळतो, आणि उंच्या मोजायचे कष्ट वाचतात. हिंदुस्थानच्या ॲटलासचे जुने ताव याच पद्धतीचे आहेत. त्यांत सह्याद्री म्हणजे केसाळ सुरवंटांची रांग. देखणी, पण घाट किती फूट चढायचा याला उत्तर नाही. रेल्वे आणि कालवे आल्यावर मात्र देखणेपणाने भागेना. कालव्याला उतार मैलामागे काही इंच लागतो; रेघोट्यांवरून तो कसा काढणार?

१९०४-०५ मध्ये इथल्या सर्वेक्षणाची फेरतपासणी करणारी समिती बसली आणि इंचाला मैल या प्रमाणावर, अनेक रंगांत छापलेले नवे नकाशे देशभर करायचं ठरलं. त्यांत रेघ तपकिरी शाईत कायमची आली. द्यूकार्लाचा चढणारा समुद्र कुठला घ्यायचा, हा प्रश्नही त्याच काळात सुटला. नऊ बंदरांत भरती-ओहोटीची वर्षानुवर्षं मोजणी करून सरासरी समुद्रसपाटी ठरली, आणि १९०९ मध्ये देशाची उंचीची जाळी तिच्यावर टेकवली गेली. या नऊ बंदरांत मुंबईचं अपोलो बंदर होतं. तेव्हा कळसूबाईची १६४६ मीटर उंची म्हणजे पायथ्याच्या बारी गावापासूनची चढण नव्हे; ती समुद्राच्या त्या सरासरी पातळीपासून मोजलेली आहे.

इथे मला सह्याद्रीची बाजू घ्यायचीच आहे. वर म्हटलं, समोच्च रेषा जमिनीवर दिसत नाही. हे आल्प्समध्ये खरं, हिमालयात खरं. आपल्याकडे अर्धंच खरं. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि ते थर बहुतेक ठिकाणी अजून जवळजवळ आडवेच आहेत. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची गवताळ पायरी होते. पावसाळ्यात माळशेजच्या किंवा नाणेघाटाच्या खालून वर पाहिलं की डोंगरावर हिरव्या-काळ्या आडव्या पट्ट्या दिसतात, मैलोन्‌मैल सारख्या उंचीवर. गडकऱ्यांना हे नकाशाशिवाय माहीत होतं. माची म्हणजे अशी रुंद पायरी, बालेकिल्ला म्हणजे तिच्यावरचा पुढचा कडा. नकाशावर हेच असं उमटतं: रेघांचा गठ्ठा, मग मोकळी जागा, पुन्हा गठ्ठा.

भटक्यांना या रेघा वाचता यायला हव्यात, कारण त्या थेट बोलतात. रेघांची टोकं चढाच्या बाजूला शिरली की नाळ किंवा घळ; उताराच्या बाजूला बाहेर आली की सोंड. दोन बंद वेटोळी शेजारी आणि मधे चिमटा, तर खिंड. पण त्यांच्या मर्यादाही ओळखाव्यात. वीस मीटरच्या अंतरात पंधरा मीटरचा कडा सहज लपतो आणि नकाशावर त्याचा मागमूसही नसतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला; तिथे वरची रेघ खालचीला ओलांडून बाहेर जायला हवी, आणि रेघांनी एकमेकींना छेदायचं नाही हा तर पहिला नियम. म्हणून नकाशावर तो नुसता सरळ कडा दिसतो. मोबाइलवरच्या रेघांबाबत दुप्पट सावध राहा. त्यातल्या बऱ्याच फेब्रुवारी २००० मध्ये एका अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने केलेल्या मोजणीतून आल्या आहेत. सुमारे तीस मीटरच्या चौकटीला एकच उंची, म्हणजे धारदार कडा गोलसर टेकडी होऊन बसतो. फोनवर वाट सोपी दिसली म्हणून उतरू नका.

महाराष्ट्राने या रेघेचं जे केलं ते मला सगळ्या इतिहासात वेगळं वाटतं: इथे ती कागदावरून उतरवून जमिनीत खोदली. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि सोलापूर-नगरच्या कोरडवाहू भागात समपातळी बांध घालायला सुरुवात झाली. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं ‘बंडिंग’ झालं. विचार बरोबर होता: बांध सारख्या उंचीवरून नेला की पाणी एका बाजूला धावत नाही, जागेवर जिरतं. पण गावाचा दुसरा एक नकाशा आधीपासून होता, महसुली मोजणीचा. त्यात उंची नसतेच. त्यात असते हद्द, आणि हद्द साखळीने सरळ मोजलेली. समोच्च रेषा वाकडी, ती एकाच्या शेतातून निघून दुसऱ्याच्या शेताचा कोपरा कापते. बांधाची जागा माझी गेली आणि पाणी शेजाऱ्याला मिळालं, ही तक्रार लगेच आली. अनेकांनी ते बांध मोडले किंवा सरकवून हद्दीवर आणले. अधिकारी याला अडाणीपणा म्हणत. मला तो दोन नकाशांतला भांडणतंटा वाटतो, आणि त्यात सातबाऱ्याचा नकाशा जिंकणार हे उघडच होतं.

डोंगर-उतारावर, गायरानात, वनखात्याच्या जमिनीत अशी हद्द आडवी येत नाही. तिथे सलग समतल चर यशस्वी झाले. हिवरे बाजारच्या टेकड्यांवर ते आजही दिसतात. चर आखायला महाग दुर्बीणही लागत नाही. तीन काठ्यांची ‘ए’ आकाराची चौकट, वरून दोरीला बांधलेला दगड, आडव्या काठीवर मधोमध खूण. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय सारख्या उंचीवर. तिथे फक्की टाका, एक पाय रोवून चौकट फिरवा, पुढे चला. नाहीतर पाणी भरलेली पारदर्शक नळी, गवंडी वापरतात तीच. अलीकडे गावोगावच्या श्रमदानात शाळेतली मुलंही या साधनांनी रेघ आखायला शिकली. हटनला जे कागदावर जमलं ते ही मुलं थेट माळावर करतात.

आणि द्यूकार्लाचा चढता समुद्र? तोही इथे आणला. उजनी धरण पूर्ण भरतं तेव्हा पाणी ४९६.८३ मीटरवर थांबतं. भीमेच्या दोन्ही काठांनी, इंदापूरपासून दौंड-करमाळ्यापर्यंत, पाण्याची ती कड म्हणजे एकच अखंड समोच्च रेषा आहे. तिच्या आत काय होतं ते पळसदेवच्या लोकांना विचारा. जुनं पळसनाथाचं देऊळ पाणी फार आटलं तरच बाहेर येतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं तशी काठावर एकाखाली एक रेघ उरते, आणि मोकळ्या झालेल्या गाळपेर जमिनीत पेरण्या होतात. आखलेल्या रेघेच्या एका बाजूला विस्थापित आणि दुसऱ्या बाजूला लाभक्षेत्र, असा निवाडा कुठल्याही मंत्र्याच्या सहीइतकाच लेव्हल मशीनने केलेला असतो.

आज ही रेघ पूररेषा होऊन शहरांत आली आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. किती फुटांना कुठली गल्ली बुडते हे जुन्या रहिवाशांना पाठ असतं. सरकारी नकाशावर त्याच माहितीच्या दोन रेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम निषिद्ध. दोन्हींच्या मधे करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर हवं. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात यातली एकही रेघ नसते. नदीकाठी प्लॉट किंवा सदनिका घेत असाल तर सातबारा, मोजणीचा नकाशा यांच्याबरोबर पूररेषेचा नकाशाही मागा, आणि जोत्याची उंची रस्त्यापासून नको, समुद्रसपाटीपासून किती आहे ते लेखी घ्या.